चार बोटं जागा

शीळफाट्याला घर घेतलेल्या माणसाला पावसाळ्यात रोज एकच प्रश्न पडतो: खिडकी उघडावी की लावावी? उघडली तर कंटेनरांचा धूर आणि चाकांखाली वाळलेला चिखल घरात. लावली तर कपाटामागे बुरशी. बहुतेक लोक लावतात. मग गणपतीच्या साफसफाईला कपाट पुढे ओढलं, की मागच्या भिंतीवर काळ्या ठिपक्यांची रांगोळी निघते आणि लग्नातल्या बुटांवर हिरवी लव. बुरशीची आवड मोठी खानदानी. रोजच्या स्लिपरला ती शिवत नाही. ठेवणीतलं काय आहे, ते तिला बरोबर कळतं.

मग सल्ले सुरू होतात. रंगारी म्हणतो, "साहेब, एक हात मारून देतो, दिसणार पण नाही." आणि खरंच दिसत नाही, पुढच्या आषाढापर्यंत. आईचा विश्वास डांबराच्या गोळ्यांवर. त्या गोळ्या कसरीसाठी; बुरशीच्या बाबतीत त्या फार तर कुबट वासाला दुसऱ्या वासाची जोड देतात. सोसायटीच्या सभेत वरच्या मजल्यावरचे म्हणतात, पाणी बाहेरच्या भिंतीतून येतं. कमिटी म्हणते, वरच्यांच्या बाथरूममधून. या वादाचा निकाल खरं तर ऋतूच लावतो. पाऊस गेल्यावर दिवाळीपर्यंत डाग वाळला, तर दोष बहुधा बाहेरच्या भिंतीचा. ऐन वैशाखातही ओल तशीच राहिली, तर पाइप किंवा बाथरूम तपासायचं. पण एवढा धीर धरला तर सभेत बोलायचं काय?

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, त्यांना दारावर अडवणारा वॉचमन मिळायचा नाही. खायलाही त्यांना धूळ, लाकूड, चामडं, काहीही चालतं. आपल्या हातात आहे ते फक्त पाणी. हवेतली आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की त्यांचं भागतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ठाणे-कल्याणकडची हवा बहुतेक वेळ 80 च्या पुढेच असते. त्यात आपण घरातल्या दोरीवर ओल्या जीन्स वाळत घालून भर टाकतो.

बुरशीचा सरसकट राग मात्र मला करवत नाही. फाट्यावरून पनवेल गाठून जुन्या रस्त्याने घाट चढलं, की पुण्याच्या अलीकडे पिंपरी लागते. 1928 साली शास्त्रज्ञ फ्लेमिंगला लंडनमध्ये जिचा जंतू मारण्याचा गुण दिसला, त्या पेनिसिलियम बुरशीला पिंपरीत टाक्यांमध्ये चक्क सरकारी खर्चाने खाऊपिऊ घातलं गेलं. त्यासाठी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना 1954 साली तिथे स्थापन झाला. पुढे बुरशी मारणारं औषधही त्याच कारखान्याने शोधलं. ते हॅमायसिन ज्या सूक्ष्मजीवापासून मिळतं, त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. एकाच आवारात बुरशीचं माहेर आणि तिचा काळही!

आपल्या घरात मात्र टाकी नको आणि औषधही नको. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, मागून वारा खेळू द्या. पावसाचा मारा बहुधा पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा, तेव्हा त्या बाजूच्या भेगा मृगाच्या आधी बुजवून घ्या. कपडे घरातच वाळवायचे असतील तर मशीनमध्ये दोनदा पिळून घ्या, एकाच खोलीत पंख्याखाली घाला आणि तिथली खिडकी थोडी किलकिली ठेवा; धूळ पुसता येते. एसी असेल तर ड्राय मोडवर, खिडक्या बंद करून. ठिपके दिसले तर कोरड्या झाडूने उडवू नका, बीजाणू घरभर होतात. मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा आणि भिंत पूर्ण वाळू द्या. रंगाऱ्याला त्यानंतरच बोलवा. आणि जोर चढला म्हणून ब्लीच आणि संडासाचं ॲसिड कधीही एकत्र करू नका: त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि तो आधी पुसणाऱ्याच्याच छातीत जातो.