कळसूबाईकर

आडनावानं तो कुलकर्णी असो की जाधव, खडकीहून बदलून आलेला असो की अंबरनाथहून, चेन्नईजवळच्या आवडीच्या रणगाडा कारखान्याच्या वसाहतीत एक तरी कळसूबाईकर असतोच. १९६५ साली इथून पहिला विजयंता रणगाडा बाहेर पडला. तेव्हापासून आवडीत चढ चढून दाखवायचं काम रणगाडेच करतात. माणसांसाठी रेल्वेचा पादचारी पूल तेवढा आहे. चेन्नई शहरातला नाव घेण्याजोगा डोंगर म्हणजे परंगीमलाई, तोही जेमतेम तीनशे फूट. कळसूबाईकर त्याला 'टेंगूळ' म्हणतो.

त्याचं खरं शिखर कळसूबाई, १६४६ मीटरचं. कॉलेजात असताना बारी गावातून एकदा चढला होता, एवढं निर्विवाद आहे. पुढचं दरवर्षी बदलतं. त्या लोखंडी शिड्या आधी नुसत्या उभ्या होत्या. गेल्या गणपतीत त्या बाहेरच्या बाजूला कलल्या. वाऱ्याचा वेग तर सध्या चक्रीवादळाच्या घरात आहे. सह्याद्री नजरेआड झाला की माणसाचे गड वाढीला लागतात, त्याला तो तरी काय करणार!

सराव मात्र इमानानं चालू असतो. पहाटे पाचला पाठीवर सॅक, सॅकमध्ये दहा किलो पोन्नी तांदूळ, आणि क्वार्टरच्या जिन्यावर वरखाली. तळमजल्यावरच्या मामी कोलम काढता काढता रोज कळवळून विचारतात, "सार, घरी पाणी चढत नाही का?" बायकोची तक्रार वेगळी. तांदूळ फिरून आल्याशिवाय भात होत नाही.

एकदा त्यानं मराठी मंडळींना जिंजीला नेलं. राजाराम महाराज या किल्ल्यात होते, मोगलांचा वेढा वर्षानुवर्षे पडला होता, १६९८ मध्ये किल्ला गेला, हे सगळं त्यानं राजगिरीच्या पायथ्याशीच सांगितलं, कारण पायथ्याशी सावली होती. निम्म्या वाटेवर माकडांनी चिवड्याची पिशवी नेली. तेव्हा 'रसद तुटली' असं जाहीर करून त्यानं माघार घेतली. ही माघार त्याच्या मते गनिमी काव्यातली होती. बायका आणि पोरं वर जाऊन, फोटो काढून आली.

वरच्या मजल्यावरचे तमिळ शेजारी निवृत्तीला टेकलेले. मार्चमध्ये दोन दिवस दिसले नाहीत. परतले ते जिना एकेक पायरी बसत चढताना आम्हाला सापडले. कोइंबतूरजवळच्या वेळ्ळियंगिरीला गेले होते म्हणे. सात डोंगर ओलांडून शंकराचं दर्शन, रात्रीची चढण, हातात बांबूची काठी. दरवर्षी जातात, हे आम्हाला तेव्हा कळलं.

कळसूबाईकरानं उलटतपासणी सुरू केली. "बूट कोणते?"

"चप्पल खालीच ठेवली, सार. देवाचा डोंगर."

"हायड्रेशन?"

"वाटेत झऱ्याचं पाणी मिळतं."

कळसूबाईकर जरा गप्प झाला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला.

"शिड्या होत्या का, शिड्या?"

"नाही, सार."

"हां!" आमच्याकडे वळून तो म्हणाला, "म्हणजे देवदर्शन. ट्रेक नव्हे."