एकट्याची गोटमार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा मागत फिरतात. त्याच दिवशी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात मोठी माणसं दगड घेऊन जाम नदीवर उतरतात. पोरकट कोण, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

हीच गोटमार: पांढुर्णा विरुद्ध पलीकडच्या काठावरचं सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचं झाड, वर झेंडा, दरवर्षी शेकडो जखमी. प्रशासनाने जमावबंदी लावली, कॅमेरे बसवले, एकदा तर रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी दगडच उचलले. 2023 मध्ये सौंसरला सोबत घेऊन पांढुर्णा जिल्हा झाला. साहेब नवे, दगड तेच.

मग आमची एक सूचना. गोटमारीचा व्हिडिओ गेम काढा आणि त्यात एकट्याने खेळायची सोय ठेवा. हौस पुरी, डोकं शाबूत.

अडचण एवढीच की मारामारीच्या गेममध्ये एकट्याला विचारतो कोण? 2016 मध्ये ‘स्ट्रीट फायटर 5’ आला तेव्हा त्यात साधा आर्केड मोडही नव्हता. एकेकाला लोळवत शेवटच्या बॉसपर्यंत जायची ती जुनी वाट 2018 मध्ये उघडली. पंगत उठल्यावर वरण वाढायचा प्रकार!

बरं, कॉम्प्युटर लढतो तरी कसा? सोप्या लेव्हलला ढिम्म उभा. अवघड लेव्हलला तुम्ही बटण दाबता न दाबता तोच त्याचा बचाव तयार. याला कौशल्य म्हणत नाहीत, पेपरफुटी म्हणतात.

व्यापमं परीक्षा घोटाळ्याच्या राज्यात हे समजावून सांगायला नको.

म्हणून सुधारणा पहिली: कॉम्प्युटरला चुकू द्या. घाबरून चुकू द्या, चिडून चुकू द्या, हावरेपणाने चुकू द्या. अवघड म्हणजे त्याची ताकद दुप्पट नव्हे, अक्कल दुप्पट. पण अक्कल घालायला आधी ती असावी लागते.

दुसरी: त्याला आठवण द्या. एकाच लाथेवर तीनदा मार खाणारा चौथ्यांदाही तिथेच उभा राहतो, हा शत्रू की मतदार? 2024 च्या ‘टेकन 8’ मध्ये तुमच्या खेळण्याच्या सवयी शिकणारं भूत आहे. त्याच्याशी, म्हणजे स्वतःशीच, लढता येतं. नोकरदार माणूस हे रोज फुकटात करतो.

तिसरी: नीट शिकवा. ट्रेनिंग मोड लांबलचक कॉम्बो घोकून घेतो. तो मारायचा कधी, हे सांगत नाही. पाढे पाठ, गणितात नापास.

चौथी: गोष्ट आटोपशीर ठेवा. 2011 च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’ने गोष्ट सिनेमासारखी रंगवली आणि कौतुक मिळवलं. तेव्हापासून जो तो सिनेमाच काढतो, खेळणारा बघत बसतो. गोटमारीची दंतकथा बघा: पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, पळून जाताना नदीत गाठलेले, दोन्ही काठांवरून दगड. संपली. तेवढ्यावर पिढ्या लढल्या.

पाचवी: जिंकल्यावर काहीतरी हाती द्या. नदीतला झेंडा शेवटी चंडीमातेच्या देवळात जातो. गेममध्ये जिंकलात तर काय? हिरोचा नवा शर्ट. तोही बऱ्याचदा विकत!

समजा, हे सगळं जमलं. पांढुर्ण्यात गेम चालेल?

छे. एकट्याच्या खेळात मागून ‘काऊन बे, दम संपला का?’ असं ओरडणारं कोण आहे? गच्चीवरून बघणारं कोण आहे? जखमच झाली नाही तर उद्या चौकात दाखवायचं काय? दगड मारायला एक हात पुरतो. उचलायला मात्र बघणारं गाव लागतं.

गेमवाल्यांना हे कळलेलं नाही. आणि प्रशासनाला? ते बंदोबस्त म्हणून वर ड्रोन उडवतं.

म्हणजे आणखी एक प्रेक्षक.