निकेलकाका

आमच्या गेटासमोर उसाच्या रसाची गाडी लागते. तिथे रस पिऊन, पैसे देऊन मग हळूच "थोडी चिपाडं मिळतील का?" असं विचारणारं गिऱ्हाईक एकच. रसवाला वर्षभर समजत होता की काकांनी म्हैस पाळलीय. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "दूध किती देते?"

"दूध नाही हो, हायड्रोजन," काका म्हणाले.

त्यानंतर रसवाला न मागता चिपाडं बांधून ठेवतो आणि विषय वाढवत नाही.

निकेलकाका हे नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलेलं. चिपाडं, पऱ्हाट्या, भुईमुगाची टरफलं असला काडीकचरा वाफेबरोबर 700-800 अंशांवर तापवायचा आणि निघालेल्या वायूत हायड्रोजन वाढवायचा, हा त्यांचा प्रयोगशाळेतला तीस वर्षांचा उद्योग. "पण कचरा सगळाच्या सगळा शहाण्यासारखा वायू होत नाही. थोडं डांबर होतं आणि नळीत जाऊन बसतं." ते डांबर फोडायला कॅटॅलिस्ट हवा, म्हणजे निकेल. रोडियमही झकास चालतं, पण त्याची किंमत निघाली की काका विषय बदलतात.

निकेलला कुणी नावं ठेवलेली मात्र त्यांना खपत नाही. "तुमच्या आजीने चिरोटे कशात तळले? डालड्यात ना? तेलाचा डालडा कुणी केला? निकेलनं! निकेलची ही करामत दाखवणाऱ्या साबात्येला 1912 साली नोबेल मिळालं ते काय उगीच?" दिवाळीच्या फराळाला त्यांना बोलावलं की हे ऐकावं लागतं. आम्ही तरीही बोलावतो.

निकेलचा एक मोठा दोष, आणि तोच काकांच्या आयुष्याचा विषय. डांबर फोडता फोडता त्याचाच कार्बन निकेलवर बसत जातो आणि काम करणारा कामानेच गुदमरतो. त्यावर उपाय चिमटीतले : जरा सेरिया, जरा मॅग्नेशिया, जरा लँथनम. "किती?" असं विचारलं तर म्हणतात, "आमटीत मीठ किती? फक्त इथं एकदा खारट झाली की सहा महिने जातात."

कॅटॅलिस्ट बनवायचा तर अॅल्युमिनाच्या पांढऱ्या भुकटीवर निकेल नायट्रेटचं हिरवंगार पाणी थेंबाथेंबाने सोडायचं, ते असं की भुकटी सगळं पिऊन टाकेल पण ओली दिसणार नाही. हा हात इतका बसलाय की घरात कणीक तेच भिजवतात. "पाणी आपण घालायचं नसतं, कणकेनं मागायचं असतं." पोळ्या, खरं सांगायचं तर, आमच्या घरच्यापेक्षा मऊ होतात.

दुसरं वेड कार्बन बॅलन्सचं. आत शंभर गेले तर बाहेर शंभर दिसलेच पाहिजेत. गणपतीच्या हिशोबात सदतीस रुपये जुळेनात, तर रात्री साडेअकरापर्यंत त्यांनी कमिटीला उठू दिलं नाही. शेवटी निघाला कापूर. "म्हणजे कार्बनच की!" काका इतके खूश झाले की सदतीस रुपये स्वतःच्या खिशातून द्यायला निघाले. त्याने हिशोब पुन्हा बिघडला असता.

दहा-बारा वर्षांपूर्वी ऑस्ट्रियाला गेले, तर व्हिएन्नाचे राजवाडे सोडून ग्यूसिंग नावाच्या गावी लाकडाच्या चिपट्यांचा वायू करणारी भट्टी बघून आले. तिच्यातली ऑलिव्हिनची साधी रेती डांबर फोडायची, वायूत चाळीस टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन यायचा. अल्बममध्ये काकू एका फोटोत आहेत, रेती चारांत.

रात्री दोनला फोन वाजला की काकू डोळे न उघडता विचारतात, "चोंदलं?" पलीकडे विद्यार्थी रडकुंडीला : "सर, प्रेशर चढतंय." काका पायजम्यावरच स्कूटर काढतात. सकाळी परततात तेव्हा चेहऱ्यावरून आम्हाला निकाल कळतो. कॅटॅलिस्ट गेला असेल तर त्या दिवशी कुणी टरफलांचा विषय काढत नाही.

परवा काकूंचं दूध करपलं. त्या तारेची घासणी घेऊन बसल्या तोच काका धावत आले. "घासू नका! हे कोकिंग आहे. हवेत तापवलं की कार्बन जळून जातो, आम्ही रोज करतो." रिकामं पातेलं मोठ्या आचेवर चढलं. काका घड्याळ लावून, वही उघडून शेजारी उभे. धूर जिन्यापर्यंत आल्यावर आम्ही सगळे जमलो.

बूड खरंच साफ निघालं. पातेलं निळं-जांभळं झालं होतं आणि प्लॅस्टिकची मूठ ओट्यावर ओघळली होती.

"मूठ बॅलन्समध्ये धरलीत का?" काकूंनी विचारलं.

काका वहीत लिहीत होते.