कितवं सेम, काकू?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं पालकत्व सोडलं आणि कोथरूडमधला आमचा लॅपटॉप एका रात्रीत पोरका झाला. चालत होता, अगदी ठणठणीत. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चीज लागते आणि ती त्याच्या पोटात नव्हती. भाच्याने त्याला उलटासुलटा करून पाहिलं आणि म्हणाला, "आत्या, भंगारात दे."

भंगार हा शब्द निवृत्त माणसासमोर जरा जपून वापरावा. अठ्ठावन्न पूर्ण होताच शासनाने मलाही अद्ययावत करणं थांबवलं, म्हणून काही कोणी मला जुन्या बाजारात नेऊन उभं केलेलं नाही. मी म्हटलं, दुसरा उपाय सांग. तो म्हणाला, लिनक्स. ते फुकट असतं हे कळल्यावर आमच्या घरातली तांत्रिक चर्चा तिथेच संपली.

त्याच सुमारास सोसायटीच्या खजिनदारपदाची माळ माझ्या गळ्यात पडली. आधीच्या खजिनदारांनी मागे एक एक्सेलची फाईल ठेवली होती. तिच्यात पिवळे, गुलाबी आणि एका ठिकाणी मोरपंखी चौकोन होते, आणि रंगांचा अर्थ सोबत घेऊन ते गृहस्थ बावधनला राहायला गेले होते. मासिक देखभाल, टँकरचं पाणी, थकबाकीवरचं व्याज, सगळं त्या रंगपंचमीत. भाचा म्हणाला, "पायथन शीक. दहा ओळींचं काम आहे." म्हणजे एक ऑपरेटिंग सिस्टीम आणि एक भाषा, दोन्ही एकदम. पण पुण्यात राहून शिकण्याच्या साधनांची काय वानवा? मी पिशवी घेतली आणि रीतसर पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या आप्पा बळवंत चौकात गेले.

आप्पा बळवंत मेहेंदळे हे पेशवाईतले सरदार. त्यांच्या नावाच्या चौकाला पोरं 'एबीसी' म्हणतात आणि तिथे येतात ती सबमिशनच्या आदल्या दिवशी. काउंटरपलीकडच्या मुलाने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून भुवई उंचावली नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते.

"पायथनचं पुस्तक द्या."

"कितवं सेम, काकू?"

"सेम नाही."

"मग डिप्लोमा? आय स्कीम का के स्कीम?"

"डिप्लोमा नाही."

"बीसीए? बीएस्सी? अकरावी आयटी?"

"कशालाच नाही. मला शिकायचंय."

तो थांबला. मागे उभ्या असलेल्या पोराला त्याने दोन पुस्तकं बांधून दिली, सुट्टे पैसे मोजले आणि मग माझ्याकडे वळून अगदी समजुतीने म्हणाला, "ते बरोबर आहे काकू, पण पॅटर्न कोणता? २०१९ का २०२४?"

त्याचं काही चुकत नव्हतं. या चौकात पुस्तक विषयावर मिळत नाही, परीक्षेवर मिळतं. विद्यापीठाने पॅटर्न बदलला की डेडलॉकचा धडा एका युनिटमधून उठतो आणि दुसऱ्यात जाऊन बसतो, आणि त्याच्याबरोबर नवी आवृत्ती निघते. पॅटर्न नसलेला माणूस इथे पत्ता नसलेल्या पाकिटासारखा: कुठल्या खणात टाकायचा तेच कळत नाही. शेवटी त्याने तोडगा काढला. "तुम्ही सेकंड इयरचं न्या. सगळे तेच नेतात."

चांगली पुस्तकं तिथे नाहीत असं मुळीच नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' आहे, ज्याच्यावर देशातल्या कितीतरी पोरांनी सी भाषेचा श्रीगणेशा केला. मराठी वाचक ज्यांना 'किमयागार' आणि 'बोर्डरूम'मुळे ओळखतात, त्या अच्युत गोडबोल्यांचं ऑपरेटिंग सिस्टीम्सवरचं जाडजूड इंग्रजी पाठ्यपुस्तक आहे. कर्निघन आणि रिची या जोडीचं १९७८ सालचं सी भाषेचं पुस्तक आहे. ते इतकं सडपातळ आहे की त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. पण ही मागावी लागतात. न मागता पुढे येतात ती सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांची.

मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून दोन घेतली. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पुस्तकाचा आधीचा मालक कोण होता ते ठाऊक नाही, पण त्याची माझी चांगली ओळख झाली. पहिल्या प्रकरणात त्याने प्रत्येक ओळ पिवळ्या हायलायटरने रंगवली आहे, म्हणजे काहीच रंगवलेलं नाही. दुसऱ्यात फक्त व्याख्या. तिसऱ्यापासून रंग संपतो आणि समासात पेन्सिल सुरू होते: 'आयएमपी', 'व्ही आयएमपी', 'मे १७ ला आला, आता येणार नाही'. मेमरी मॅनेजमेंटच्या पानावर एका मुलीचं नाव आणि त्यावर काट. फाईल सिस्टीमची पानं एकमेकांना चिकटलेली होती. ती मीच पहिल्यांदा सोडवली.

पायथनचं पुस्तक त्याहून मजेदार निघालं. ते पायथन २ चं होतं. पायथन ३ आलं २००८ मध्ये, २ चा आधार १ जानेवारी २०२० ला बंद झाला, पण जुन्या बाजारात ही बातमी अजून पोचायची आहे. पुस्तकात प्रिंटपुढे कंस नाहीत; माझ्या यंत्राला कंस हवेत. पुस्तकातलं पहिलं उदाहरण जसंच्या तसं टाईप केलं तर पायथनने एरर दिली, आणि वर विचारलं की कंस राहिलेत, तुम्हाला तसं म्हणायचं होतं का? इतक्या अदबीने चूक दाखवणारं मला पुण्यात पहिल्यांदाच कोणीतरी भेटलं.

मग क्लास. कर्वे रस्त्याला ज्या इमारतीत तळमजल्यावर साड्या किंवा चष्मे असतात, तिच्या दुसऱ्या मजल्यावर पायथन असतो. तिथल्या काउन्सेलर मुलीने मला पाणी दिलं आणि विचारलं, "मुलासाठी का मुलीसाठी?"

"माझ्यासाठी."

"अच्छा, म्हणजे करिअर गॅप आहे." तिने फॉर्मवर तसं लिहिलं. मग फुल स्टॅक, डेटा सायन्स, एआय असे तीन मार्ग दाखवले. प्रत्येकाची फी ऐकून मला माझ्या निवृत्तिवेतनाचं तीन निरनिराळ्या बाजूंनी दर्शन झालं. "आणि काकू, शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स." मी म्हटलं, माझं प्लेसमेंट कोथरूडमध्ये झालेलं आहे. ती हसली नाही. फॉर्मवर 'अपेक्षित पॅकेज' हा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय तिच्या संगणकावर पुढचं पान उघडत नव्हतं.

खरं तर परीक्षेशिवाय शिकणं मलाही नवंच होतं. नोकरीत असताना एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम केला तो वेतनवाढ अडकू नये म्हणून. तो चालवणारी एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झाली आणि त्यानंतर महाराष्ट्रात किती बाबूंनी माऊस हातात धरला तो ज्ञानलालसेने धरला, असं मी तरी शपथेवर सांगणार नाही. त्याआधीचं तर बोलायलाच नको. १९९१ हे साल घ्या. फेब्रुवारीत पायथनची पहिली आवृत्ती लोकांसमोर आली. ऑगस्टच्या २५ तारखेला फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्सने सांगितलं की मी हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, फार मोठी व्हायची नाही. आणि त्याच वर्षी इथे पुण्यात, सी-डॅकमध्ये, विजय भटकरांच्या चमूने परम ८००० हा महासंगणक उभा केला. मी तेव्हा काही किलोमीटरवर एका सरकारी कचेरीत तीन कार्बन घालून टंकलेखन करत होते आणि चौथी प्रत उमटत नाही ही माझी तांत्रिक समस्या होती.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त इंजिनियर आजोबा आहेत. मी लिनक्स टाकलंय ही बातमी वॉचमनकडून त्यांच्यापर्यंत गेली आणि ते एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन हजर झाले. आत सीडी. नव्वदच्या दशकात पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी येत असे, त्या जपलेल्या. उबुंटू नावाच्या लिनक्सचे कर्ते २०११ पर्यंत पोस्टाने फुकट घरपोच पाठवत, त्याही. माझ्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी लिनक्सच्या पूर्वजावरच्या, म्हणजे युनिक्सवरच्या, मॉरिस बाखच्या पुस्तकाची स्पायरल बांधणीतली झेरॉक्सही दिली. "आमच्या वेळी एवढं एकच होतं. अख्ख्या डिपार्टमेंटला मिळून." झेरॉक्सची झेरॉक्स होती ती, काही पानांवर आकृत्यांच्या जागी नुसता ढग. त्या ढगांतून ज्यांनी युनिक्स वाचलं त्यांना माझा दंडवत. मला तीन पानांपुढे जमलं नाही.

पुण्यात पायथनवाल्यांचे मेळावेही भरतात, सुट्टीच्या दिवशी, कुठल्या तरी कंपनीच्या कचेरीत. इथे मला खरोखर बरं वाटलं. कोणीही सेम विचारलं नाही. कंपनी विचारली. "तुम्ही कुठे असता?" या प्रश्नाला "कोथरूड डेपोच्या मागे" हे उत्तर चालत नाही, एवढं तिथे शिकले. बाकी पोरं गुणी. एकाने माझी मोरपंखी चौकोनांची फाईल पाहिली आणि पिझ्झा बाजूला ठेवून तिच्यातल्या रिकाम्या ओळी कशा गाळायच्या ते दाखवलं.

खऱ्या अर्थाने हात धरला तो आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलने. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी चालवलेला, केंद्र सरकारच्या पैशाने उभा राहिलेला हा उपक्रम. साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, आणि मराठीतून. पडद्याच्या एका बाजूला पाठ लावायचा, दुसऱ्या बाजूला आपलं टर्मिनल. पाठातली बाई एक ओळ लिहिते, आपण पाठ थांबवायचा आणि तीच ओळ लिहायची. प्रवेश अर्ज नाही, पॅकेजचा रकाना नाही. तिच्या पडद्यावरचं उबुंटू माझ्या उबुंटूपेक्षा बरंच वडीलधारं होतं, पण फाईल कॉपी करायची आज्ञा तीच होती.

त्या आज्ञांचा स्वभाव अंगवळणी पडायला वेळ लागतो. सुडो ही आज्ञा दिली की ती पासवर्ड मागते. तुम्ही टाईप करता आणि पडद्यावर काहीही उमटत नाही. टिंब नाही, चांदणी नाही. कीबोर्ड मेला असं वाटतं. नाही, तो तुमचं ऐकतोय, फक्त दाद देत नाही. फाईल नीट कॉपी झाली तरी तोंडातून चकार शब्द नाही. बोलायचं ते फक्त चुकल्यावर, आणि तेही एका ओळीत. बाहेरगावच्या माणसाला हे उद्धट वाटत असेल. माझा जन्म सदाशिव पेठेतला, मला त्यात अडचण आली नाही.

आणि मग मला मॅन पानं सापडली. कुठल्याही आज्ञेच्या आधी 'मॅन' हा शब्द लिहिला की तिची माहितीपुस्तिका पडद्यावर उघडते. १९७१ मध्ये युनिक्सची पहिली छापील पुस्तिका निघाली, तिचाच हा वंश. इंटरनेट लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि हे सगळं लॅपटॉपमध्ये पहिल्या दिवसापासून होतं. भाच्याला विचारलं, आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "ते कोणी वाचत नाही गं. समजत नाही ते."

समजत नाही? मी उभी हयात शासन निर्णय वाचले आहेत. वर विषय, मग 'वाचा' म्हणून आधीच्या पाच निर्णयांची यादी, मग प्रस्तावना, मग एक असं वाक्य की ज्याच्यात क्रियापद दुसऱ्या पानावर भेटतं. त्यापुढे मॅन पान म्हणजे बालवाङ्मय. आधी नाव, मग वापराचा नमुना, चौकोनी कंसात असेल ते ऐच्छिक, बाकीचं अनिवार्य, शेवटी 'हेही पाहा'. एक शब्द जास्त नाही, आणि प्रत्येक अपवाद कुठेतरी नोंदवलेला. फाईलच्या परवानग्यांचं पान तर मला फारच आवडलं: मालकाने काय करावं, गटाने काय करावं आणि इतरांनी काय करावं. इतरांना फक्त वाचू द्यावं, हात लावू देऊ नये, हे आमच्या आस्थापना शाखेचंच धोरण होतं.

पायथनमध्येही 'हेल्प' लिहिलं की तसंच पान येतं. त्यानंतर मी कोणाला काही विचारलं नाही. आणि काही गोष्टी तर सेकंड इयरच्या पुस्तकात नव्हत्याच. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात. मी सरळ 'थकबाकी', 'व्याज', 'टँकर' अशी नावं दिली आणि कार्यक्रम निमूट चालला. अवतरणचिन्हांत '१२३' देऊन त्याचा आकडा करून मागितला तर तोही करून देतो. हाच १२३ अवतरणाबाहेर देवनागरीत लिहिला तर मात्र हरकत घेतो. भाच्याने माझ्या पडद्यावर 'जर थकबाकी' असं काहीतरी असेल या भीतीने आधी डोळे मिटले, मग उघडले. "आत्या, 'इफ' तरी इंग्रजीत ठेवलंस ना?" ठेवलं होतं. तेवढं पायथनमध्ये बदलता येत नाही.

दहा ओळी नाही झाल्या, चाळीस झाल्या. पण चालल्या. उपविधींप्रमाणे थकबाकीवर जास्तीत जास्त २१ टक्के सरळ व्याज लावता येतं. ते प्रत्येक फ्लॅटपुढे लागलं, बेरजा जुळल्या, मोरपंखी चौकोनांचं कोडंही उलगडलं. ज्यांच्याकडून व्याज मागायचं नाही असे ते सभासद होते. पायथनला हा रंग दिसत नसल्यामुळे त्याने त्यांनाही सरसकट व्याज लावलं, आणि यादीत तिसऱ्या क्रमांकावर आमचे सचिव निघाले.

वार्षिक सभेत मी छापील यादी वाटली. बराच वेळ कागद उलटल्याचा आवाज तेवढा होता. मग सचिवांनी चष्मा पुसला, हे सॉफ्टवेअर नोंदणीकृत आहे का असं विचारलं, फुकटचं आहे हे कळल्यावर "तरीच" म्हणाले, आणि चहा येण्याच्या आत बहुमताने ठराव झाला: पायथनने काढलेले आकडे तूर्त मार्गदर्शक समजावेत, बंधनकारक नव्हेत, आणि खजिनदारांनी हेच सर्व एक्सेलमध्ये, पूर्वीच्या रंगांसह, फेरसादर करावं.