फझ पेडल : चांगला आवाज घरच्या घरी बिघडवण्याची रीत

इतर यंत्रं बिघडली की घाणेरडा आवाज काढतात. गिटारचं फझ पेडल धडधाकट असलं की घाणेरडा आवाज काढतं. नवशिक्याने एवढं भिंतीवर लिहून ठेवावं, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच होतो.

या विद्येचा उगमच एका बिघाडात आहे. नॅशव्हिलला गायक मार्टी रॉबिन्सचं १९६१ मध्ये गाजलेलं ‘डोन्ट वरी’ रेकॉर्ड होत असताना स्टुडिओतल्या मिक्सरने दगा दिला आणि ग्रेडी मार्टिनची बेस गिटार फाटक्या भोंग्यासारखी गुरगुरली. आपण मेकॅनिक बोलावला असता. तिथले रेकॉर्डिस्ट ग्लेन स्नॉडी यांनी एका सहकाऱ्याबरोबर हाच बिघाड हुकमी घडवणारं सर्किट तयार केलं आणि १९६२ मध्ये गिब्सनने ते ‘माएस्ट्रो’ नावाने बाजारात आणलं. पुढे लंडनच्या गिटारवादक डेव्ह डेव्हिसने ब्लेडने स्पीकरचा कागदच चिरला. ही पद्धत स्वस्त आहे, पण स्पीकर आपला असावा लागतो.

आपण १९६६ चं ‘फझ फेस’ पेडल करू. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट. आमटीला याहून जास्त जिन्नस लागतात. ट्रान्झिस्टर मात्र जर्मेनियमचे हवेत, उदाहरणार्थ एसी १२८. पुण्यात तापकीर गल्लीत ते मागितले की दुकानदार आधी आपले पांढरे केस पाहतो, मग म्हणतो, “साहेब, तो माल बंद होऊन जमाना झाला.” निराश होऊ नये. माळ्यावरच्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत ते सापडू शकतात. रेडिओ उघडण्याआधी आजोबांना विचारावं. मी नंतर विचारलं.

हे ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचे, म्हणून बॅटरीचा प्लस अर्थला जातो. ही छपाईची चूक नाही. खोका धातूचाच घ्यावा. पोह्यांचा डबा उत्तम, फक्त ड्रिल मारण्याआधी पोहे काढावेत.

आता दुरुस्ती. सोल्डरिंग झालं, वायर जोडली, पायाने बटण दाबलं आणि शांतता पसरली, तर नऊ पायांच्या स्विचवर संशय घ्यावा. त्याचे पाय ओळीत आडवे मोजायचे की उभे, यात माझे दोन रविवार गेले. मग प्रत्येक टाका पाहावा. चकचकीत असेल तर ठीक. राखाडी, ढेकळासारखा दिसला तर ड्राय सोल्डर, पुन्हा तापवावा. तरीही शोध लागला नाही तर अँपच्या वायरीला एक कपॅसिटर जोडून त्याचं टोक सर्किटच्या इनपुटपासून पुढे टेकवत जावं. आवाज जिथे मरतो त्याच्या थोडं आधी गुन्हेगार बसलेला असतो.

शांततेऐवजी शेतकऱ्यांसाठी हवामानाचा अंदाज ऐकू आला तर घाबरू नये. फझ सर्किट नकळत रेडिओचं काम करतं आणि आकाशवाणी पकडतं. इनपुटला शिल्डची वायर लावावी, डब्याचं झाकण घट्ट बसवावं. आमच्या आईने मात्र झाकण लावू दिलं नाही. तिला पावसाचं ऐकायचं होतं.

खरी परीक्षा मे महिन्यात. जर्मेनियम उष्णतेने जास्त गळतं, म्हणजे नको तेव्हाही करंट सोडतं. जानेवारीत गरजणारं पेडल दुपारी दोनला दमेकऱ्यासारखं धापा टाकतं. नुसतं बोटाने ट्रान्झिस्टर धरला तरी मीटरचा आकडा सरकतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर उणे साडेचार व्होल्टच्या आसपास आकडा हवा. तो भलतीकडे गेला की काही जण रेझिस्टर बदलतात. मी पेडल फ्रीजमध्ये दह्याशेजारी ठेवतो. तांत्रिकदृष्ट्या ते रेझिस्टरवालेच बरोबर आहेत, पण दह्याचा खर्च कमी येतो.

आता शेवटचा प्रश्न: पेडल बरोबर वाजतंय हे ओळखायचं कसं? मीटर सांगेल ते खरं. घरच्यांना विचारू नये. नीट झालेल्या पेडलबद्दलही त्यांचं मत ‘काहीतरी जळतंय’ असंच असतं.

आणि रात्री झोपण्यापूर्वी गिटारची पिन पेडलमधून उपटून ठेवा. या पेडलचा बॅटरी स्विच इनपुटच्या सॉकेटमध्येच असतो. पिन आत राहिली तर पायाचं बटण बंद असूनही नऊ व्होल्टची बॅटरी संपत राहते, आणि एके दिवशी तुम्ही पुन्हा ड्राय सोल्डर शोधत बसता.