डोगा वाळत घातलाय

"काय टाकलं रे बाजेवर? कुरड्या?"

"कॉमिक्स आहेत काकू. ऊन देऊन राहिलो."

मेंदीच्या कुंपणावरून काकूंची मान वर आली. आज नळाचा दिवस. येळगाव धरणाचं पाणी आमच्या गल्लीत पोचेपर्यंत चार गल्ल्यांतल्या बातम्या काकूंकडे पोचून शिळ्या झालेल्या असतात. आज बातम्यांचा दुष्काळ असावा, म्हणून माझी बाज नजरेत आली.

"मा माय! कुत्र्याच्या तोंडाचा माणूस! अन् हातात बंदूक!"

"डोगा आहे हा. मुंबईचा. खरं नाव सूरज. रात्री मुखवटा घालतो आणि गुंडांना संपवतो."

"म्हंजे पोलिसात देते?"

"नाही. संपवतोच."

"अन् तू मास्तर हायस ना रे?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं, म्हणून मी माहिती देऊ लागलो. मास्तरांची ही जुनी खोड. राज कॉमिक्स दिल्लीची. नागराज, सुपर कमांडो ध्रुव हे तिचे आधीचे हिरो. ध्रुव कितीही मार खाईल, पण कुणाचा जीव घेणार नाही. मग 1992 साली 'कर्फ्यू' नावाचा अंक आला आणि हा डोगा उगवला. तो असली कुठली शपथ घेऊन आलाच नव्हता. अमेरिकेत पनिशर नावाचा असाच एक बंदूकवाला 1974 सालीच स्पायडरमॅनच्या अंकात येऊन गेला होता, पण आम्हाला बुलडाण्यात तो कुठला माहीत!

"आई-बाप नाहीत काय त्याले?"

"कचराकुंडीत सापडलेलं पोर, काकू. हलकान सिंह नावाच्या डाकूनं उचललं, ते पण दयेनं नाही. गोळ्या सुटल्या की त्या लेकराला ढालीसारखं पुढं धरायचा."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "मुडदा बशिवला त्याचा! मंग?"

"मग मोठा झाल्यावर मुंबईत त्याला अदरक चाचा भेटले. व्यायामशाळा आहे त्यांची. त्यांचे भाऊ हल्दी चाचा, धनिया चाचा आणि काली मिर्च चाचा."

"थट्टा करतं काय रे माही?"

"देवाशपथ. यांनीच तयार केलं त्याला."

"आलं, हळद, धने, मिरे. येवढ्यात तर सर्दीचा काढा होते."

इतकी वर्षं मी डोगा वाचतोय, पण हे कधी डोक्यात आलं नाही.

ओट्यावरून काकांचा खाकरा ऐकू आला. काका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले; आजही बोलायच्या आधी खाकरून घंटी मारतात. "यात नवीन काय हाय? आमच्या टायमाले काळा पहाड होता. बाबूराव अर्नाळकरांचा. चोरावर मोर अन् पोलिसाच्या हाती लागत नव्हता. मेहकरले नाईट-हॉल्ट असला की एक पुस्तक रात्रीत फस्त."

काकांचं बरोबर आहे. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांनी काळा पहाड आणि झुंजार घरोघरी नेऊन बसवले होते. कायद्याच्या बाहेर राहून न्याय करणारा माणूस मराठी वाचकाला डोगाच्या कितीतरी आधी ओळखीचा झाला होता. फरक एवढाच, की डोगा मुंबईत राहून हिंदी बोलतो. मराठी डोगा मला कधी दिसला नाही.

"पण तुले कुठं भेटला हा?"

मलकापूरला. बुलडाण्याला रेल्वे नाही, आणि खामगाव-जालना लाईनचं तर मी आजोबांच्या तोंडून ऐकत आलोय. रेल्वे नाही म्हणजे स्टेशन नाही, आणि स्टेशन नाही म्हणजे स्टेशनवरचा पुस्तकांचा ठेला नाही. मामा मलकापूरचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत एसटीनं राजूर घाट उतरायचा, वळणावळणाला पोट सांभाळायचं आणि खाली पोचलं की आधी ठेला गाठायचा. उरलेलं वर्ष गल्लीतल्या किराण्याच्या दुकानावर. तिथं 50 पैसे रोजानं कॉमिक्स भाड्यानं मिळायची. अंक फाटू नये म्हणून दुकानदार तो दाभणानं सुतळी ओवून शिवायचा. आज गोळा करणारे लोक अशा प्रतीला नाक मुरडतात: कडेला भोकं, कव्हरवर निळा शिक्का, सोबत फुकट आलेलं स्टिकर गायब. माझ्याकडच्या निम्म्या अशाच आहेत. भोक दिसलं की मला किराण्यातल्या हिंगाचा वास येतो, त्यामुळे कोऱ्या प्रतीशी मी त्या बदलत नाही.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे स्टेपलरची पिन. ती गंजते आणि मधलं पान खाते. मी पिना काढून दोऱ्यानं टाके घालतो, पेटीत कडुलिंबाचा वाळका पाला टाकतो आणि मिरगाच्या आधी एकदा ऊन दाखवतो. जास्त नाही, नाहीतर हा हलका कागद पापडासारखा मोडतो.

"केवढ्याले पडते रे एक?"

मी आकडा सांगितला. निम्मा. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी कुंपणाकडेच उघडते.

"आता जुन्याची नवी छपाई पण निघते," मी विषय बदलला. "संजय गुप्ता, मनोज गुप्ता, भाऊच आहेत, पण आता आपापल्या नावानं वेगवेगळी काढतात."

"वाटण्या झाल्या म्हण!" काकूंचा चेहरा उजळला. पुढची पाच मिनिटं डोगा बाजूला राहिला आणि मागच्या गल्लीतली एक वाटणी सामायिक विहिरीसकट ऐकून झाली.

काका मात्र विषयाला धरून होते. "मले तो बहादूर आवडे. इंद्रजाल कॉमिक्समधला. वेताळाच्या संगं यायचा."

"1976चा तो. आबिद सुरतींनी लिहिलेला. त्याचा बाप डाकू. पोलिसाच्या गोळीनं मेला म्हणून पोरगा सूड घ्यायला निघतो, आणि शेवटी गावकऱ्यांचं दल उभं करून डाकूंशीच लढतो. सुरतींचं पुढचं माहीत आहे का काका? म्हातारपणी मीरा रोडला दर रविवारी प्लंबर सोबत घेऊन घरोघर जायचे आणि लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. 2007पासून."

काकूंनी काकांकडे पाह्यलं. काकांनी आकाशाकडे.

"दोन महिने झाले," काकू म्हणाल्या, "वायसर आणा म्हणून सांगून राह्यले. थेंब-थेंब पाणी वाया चाललं. अन् हे वाचते काळा पहाड!"

तेवढ्यात कोपऱ्यावरून "नळ आलाऽऽ" अशी आरोळी उठली. मोटारी घरघरल्या, काकू गुंडाकडे पळाल्या, काका चप्पल शोधू लागले. वाऱ्यानं दोन अंक बाजेवरून उडाले आणि कुंपणापलीकडे काकूंच्या तुळशीपाशी जाऊन पडले. मी आणायला वळलो, तर काकू मोरीतूनच ओरडल्या:

"राहू दे तिथंच! दुपारी पाह्यतो मी. अन् त्या डाकूचं काय झालं रे मंग? मेला का नाही मेला?"