परवान्यावरचा म्होरक्या

मित्रांच्या प्रत्येक टोळक्यात एक म्होरक्या असतो. सिंहगडावर जायचं असेल तर त्याला कोणी विचारत नाही, कारण तिथं चुकायला फारसा वाव नाही आणि चुकलं तरी पिठलं-भाकरी मिळतेच. त्याचं खरं तेज पाहायचं तर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला जायला हवं. कॅनडाच्या सीमेला लागून तिथं बाउंड्री वॉटर्स नावाचं अरण्य आहे. दहा लाखांवर एकरांचं जंगल आणि हजारावर तळी! कनू ही वल्ह्यानं हाकायची निमुळती होडी घेऊन मित्रमंडळी तिथं पाच-सहा दिवस भटकतात, रात्री तंबूत झोपतात आणि परतल्यावर म्होरक्याच्या नावानं बोटं मोडतात. ‘या गृहस्थानं ऑफिस जंगलात आणलं,’ ही त्यांची ठरलेली तक्रार. मला मात्र वाटतं, त्या टोळक्यात अरण्य कळलेला माणूस तो एकटाच.

पुरावा सरकारी आहे. मे ते सप्टेंबर या काळात तिथं रात्रीच्या मुक्कामाला आधी राखून ठेवलेला परवाना लागतो. कुठल्या वाटेनं आणि कुठल्या तारखेला आत शिरणार हे त्यावर असतं, आणि म्होरक्याचं नावही असतं. परवाना हातात घ्यायला तो किंवा आधी नोंदवलेला पर्यायी म्होरक्याच हजर लागतो. म्हणजे मित्र ज्याला स्वयंघोषित म्हणून हिणवतात, तो वास्तविक अमेरिकन वनखात्याच्या दप्तरी नोंद झालेला पदाधिकारी! नऊ माणसं आणि चार होड्या ही कमाल मर्यादा. दहाव्याला ‘चल रे, सरकून बसू’ म्हणण्याची आपली प्राचीन सोय तिथं नाही. खाण्यापिण्याच्या काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे बंद, त्यामुळं मिनियापोलिसहून निघालेल्या मराठी मित्रांचं लोणचंसुद्धा बरणी सोडून प्लास्टिकच्या डबीत शिरतं. मुक्काम करायचा तोही वनखात्यानं लोखंडी शेगडी बसवलेल्या जागीच. जिथं इतके नियम आहेत, तिथं मुक्त भटकंतीचं स्वप्न पाहणारा शहाणा की यादी करणारा?

यादीचं मोल कळतं ते पोर्टेजवर. एक तळं संपलं की पुढच्या तळ्यापर्यंत होडी खांद्यावर आणि सामान पाठीवर घेऊन चालायचं, ते पोर्टेज. ही वाट ‘रॉड’मध्ये मोजतात; एक रॉड साडेसोळा फुटांचा, साधारण कनूच्याच लांबीचा. नकाशावर ‘१८०’ वाचून मित्र माना डोलावतात. म्होरक्या हिशेब करतो: १८० रॉड म्हणजे सुमारे ९०० मीटर, सामान दोन खेपांत न्यायचं तर मधली रिकामी फेरी धरून ती वाट तीनदा तुडवायची, म्हणजे पावणेतीन किलोमीटर. म्हणून तो लोकांचे टॉवेल तोलून पाहतो. गिटार आणि घडीची खुर्ची आणणाऱ्याकडे तो ज्या नजरेनं बघतो, ती मुलीच्या बापानं न सांगता आलेल्या वऱ्हाडाकडे बघावी तशी असते. केव्हलारची, वीसेक किलोची होडी जास्त भाडं देऊन ठरवली म्हणून हिवाळ्यात त्याला उधळ्या म्हणणारे लोक पोर्टेजवर फार मोजकं बोलतात. जूनमध्ये तर बोलतच नाहीत. दोन्ही हात होडीला आणि नाकावर डास, अशा अवस्थेत अर्थशास्त्र सुचत नाही.

यावर कोणी म्हणेल, माणसं घड्याळ विसरायला जातात आणि हा पहाटे पाचला उठवतो. पण आतल्या मुक्कामाच्या जागा राखून ठेवता येत नाहीत. आधी येईल त्याची शेगडी. उशिरा पोचणाऱ्याला जागा भरलेल्या दिसतात आणि दुपारच्या वाऱ्याशी झगडत पुढच्या तळ्यावर जावं लागतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: निसर्ग कुणाच्या याद्या वाचत नाही. खरंच आहे. ४ जुलै १९९९ च्या वादळानं याच अरण्यात लाखो झाडं आडवी केली, तेव्हा कुठल्याही तक्त्यात तो रकाना नव्हता. पण मोबाईलला रेंज नसलेल्या मुलखात अशी वेळ आली, तर शोधायला निघालेल्यांना कामाला येतो तो म्होरक्यानं घरी ठेवलेला मार्गाचा कागदच.

तो असह्य असतो, हे मात्र मी बिनशर्त मान्य करतो. सूर्यास्ताच्या वेळी इतर पाण्याकडे बघत असतात, तेव्हा हा अन्नाची पिशवी अस्वलाच्या हाताबाहेर टांगण्यात गुंतलेला असतो, आणि दुसऱ्यानं मारलेली गाठ सोडून पुन्हा मारतो. लून पक्षी रात्री काळीज चिरणारी साद घालतो, तेव्हा हा तंबूच्या खुंट्या मोजतो. ‘मी म्हटलं होतं ना’ या वाक्याची मक्तेदारी त्याच्याकडे आहे आणि ती तो दिवसातून अनेकदा वापरतो. कारण त्याची सहल जानेवारीअखेरीस, बुकिंग उघडतं त्या सकाळीच होऊन गेलेली असते. उन्हाळ्यात उरते ती अंमलबजावणी. म्हणून एवढीच विनंती: जानेवारीत त्याचा फोन आला, तर ‘बघतो, कळवतो’ म्हणू नका. हो किंवा नाही, काय ते तिथल्या तिथं सांगा. त्याला नऊच नावं लिहायची आहेत.